मदत हवी आहे: ढेपेतलं प्रोटीन रुमेनमध्ये किती फुटतं आणि किती बायपास जातं, उन्हाळ्याचं गणित जुळत नाही

नमस्कार मंडळी,

काटोल रोडला, नागपूरच्या जरा बाहेर आमचा गोठा आहे, बहुतेक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस आणि थोड्या जर्सी. बाबा हाताच्या अंदाजानं ढेप (म्हणजे पेंड) टाकतात, मी त्याच्यासाठी एक्सेलमध्ये शीट बनवून राहिलो म्हणजे कोणत्या गाईला किती प्रोटीन खरंच मिळतं ते कळावं. खाण्यात सरकी ढेप, तूर चुनी, थोडी सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड), मका भरडा, आणि चाऱ्यात कडबा कुट्टी, सोयाबीनचं कुटार आणि मिळेल तसं नेपियर गवत.

पोत्यावर क्रूड प्रोटीन लिहिलेलं असतं, पण ते म्हणजे नुसता नायट्रोजन मोजून ६.२५ नं गुणलेला आकडा. त्यातलं रुमेनमध्ये (गाईच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा) किती फुटणार, तिथले जंतू त्यातलं किती वापरणार आणि न फुटता पुढे आतड्यात किती जाणार (म्हणजे बायपास) हे त्याच्यावरून काहीच कळत नाही. (आणि ढेपेत कोणी युरिया मिसळला तर तोही प्रोटीन म्हणूनच मोजला जातो. शंभर किलोत एक किलो युरिया आणि कागदावर प्रोटीन अडीच टक्क्यांच्या वर वाढलेलं, गाईला मात्र खरं प्रोटीन काही नाही. हे फार वाईट आहे, लहान दूधवाला यात भरडला जातो.)

म्हणून मी अर्स्कोव्ह आणि मॅकडोनाल्डचं १९७९ चं समीकरण घेतलं. फुटणारा भाग = ए + बी × सी ÷ (सी + के). ए म्हणजे लगेच विरघळणारा भाग, बी म्हणजे हळूहळू फुटणारा, सी म्हणजे बी फुटण्याचा ताशी वेग आणि के म्हणजे खाद्य रुमेनमधून पुढे सरकण्याचा वेग. के साठी एनआरसी २००१ (अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं दुभत्या जनावरांच्या आहाराचं पुस्तक) चं खुराकाचं सूत्र लावलं, ताशी टक्क्यांत: २.९०४ + १.३७५ × (वजनाच्या किती टक्के कोरडं खाणं) − ०.०२० × (त्यात खुराक किती टक्के).

आता अडचण बघा. ४०० किलोची गाय हिवाळ्यात १२ किलो कोरडं खाते, मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की १० किलोवर येते. चारा सोडते, खुराक मात्र तेवढाच खाते, म्हणजे ५.४ किलो. के हिवाळ्यात ६.१३ आणि उन्हाळ्यात ५.२६ निघतो (समीकरणात शंभरानं भागून टाकतो). ए ०.२५, बी ०.६५, सी ०.०८ धरलं तर फुटणारं प्रोटीन ६२ टक्क्यांवरून ६४ वर जातं, एवढाच फरक. पण दुधातला युरिया हिवाळ्यात २८ होता तो आता ४२ झाला, दूध उतरलं आणि गाई उलटून राहिल्या (भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येतात). दोन टक्क्यांनी एवढं कसं होईल? माझा के चुकतो आहे का? गरमीत खाद्य पोटात जास्त वेळ थांबतं म्हणतात, मग के आणखी खाली धरू का? आणि विदर्भातल्या सरकी ढेपेचे ए, बी, सी कोणाजवळ आहेत का? कोणी जाणकार असेल तर प्लीज सांगा, बाबांचा यावर विश्वास बसायला पाहिजे असं मनापासून वाटतं.

प्रतिसाद

भाऊ, मी पशुपोषण शिकले आहे म्हणून लिहिते. आधी रिपोर्टवर एकक बघा. ४२ हा युरिया असेल तर २.१४ नं भागा, म्हणजे युरिया नायट्रोजन १९.६ येतो, आणि हिवाळ्याचे २८ म्हणजे १३. पुस्तकात १० ते १४ लिहिलेलं असतं ते नायट्रोजनचं. म्हणजे तुमचा हिवाळा ठीक होता आणि उन्हाळ्यात खरोखरच जास्त आहे.

के च्या मागे लागू नका. २०२१ च्या नव्या आवृत्तीत तर के ठराविकच धरला आहे. तुमच्याच शीटमध्ये हिवाळ्याचा के तसाच ठेवून सी ०.०५ टाका, ५४ टक्के येईल, ०.१२ टाका, ६८ येईल. खरी चूक शिरते ती इथे. भुईमूग ढेप पटकन फुटते, सरकी त्या मानानं हळू, आणि घाण्यात किती तापली त्यावर एकाच मालाचं पोत्यागणिक बदलतं. सगळ्या खाद्याला एकच सी लावलात तर शीट खोटंच सांगणार. कुटार, कडब्याला तर के पण चाऱ्याचा लागेल.

आणि तुमचं शीट फक्त पुरवठा मोजतं, मागणी मोजत नाही. प्रोटीन फुटून जो अमोनिया होतो तो बांधायला जंतूंना ऊर्जा लागते. एनआरसी २००१ प्रमाणे दर किलो टीडीएनला (खाद्यातला एकूण पचणारा भाग, म्हणजे ऊर्जेचं माप) साधारण १३० ग्रॅम जंतूंचं प्रोटीन तयार होतं आणि त्यासाठी फुटणारं प्रोटीन त्याच्या १.१८ पट लागतं. टीडीएन ६० टक्के धरा. हिवाळ्यात १२ किलोत ७.२ किलो टीडीएन, गरज ११०४ ग्रॅम. प्रोटीन १४.५ टक्के असेल तर १७४० ग्रॅम, त्याचे ६२ टक्के १०७९. जवळपास बरोबर बसलं. उन्हाळ्यात टीडीएन ६ किलो, गरज ९२० वर आली, पण चारा सुटल्यामुळे प्रोटीन १६ टक्के झालं, १६०० चे ६४ टक्के १०२४. शंभर ग्रॅम रोज वर. त्याचा अमोनिया रक्तात जातो, लिव्हर त्याचा युरिया करतं, तोच दुधात दिसतो. वर हा युरिया बनवायला गाईची ऊर्जा जाते ती वेगळीच, आणि आधीच ती कमी खाते आहे. उलटण्यामागे हे एक कारण असू शकतं, पण गरमी स्वतःही कारण आहे, आणि तपासणी करून घ्याच.

ए, बी, सी मोजायला नायलॉन पिशवीची पद्धत आहे, रुमेनला खिडकी बसवलेल्या जनावरात ढेपेच्या पिशव्या ठेवून ठरावीक तासांनी काढायच्या. घरी होणारी गोष्ट नाही. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुपोषण विभागात जाऊन विचारा, सोबत ढेपेचा नमुना न्या.

धागाकर्ता

ताई, खूप खूप धन्यवाद, पुरवठा विरुद्ध मागणी हे डोक्यातच नव्हतं, आजच दुसरा कॉलम टाकतो. आता उन्हाळ्यात ढेप किती कमी करू, की मका वाढवू? आणि दुधाचा नमुना सकाळचा घेऊ की संध्याकाळचा?

प्रतिसाद

मका एकदम वाढवू नका भाऊ, चारा आधीच कमी खातात, ॲसिडोसिस (रुमेनमध्ये आम्ल वाढणं) होऊ शकतो. आधी सोया डीओसी थोडी काढा, तिच्यातलं प्रोटीन जास्त आहे म्हणून फरक लवकर दिसेल. खाणं पहाटे आणि रात्री द्या, चारा तेव्हाच खातील. खुराक तीन-चार वेळा विभागून. नमुना दोन्ही वेळच्या दुधाचा एकत्र करून घ्या, कारण खाल्ल्यानंतर युरिया चढतो-उतरतो, आणि एकाच गाईवर विसंबू नका, सारख्या दुधाच्या पाच-सहा गाईंची सरासरी घ्या. दोन आठवड्यांनी आकडे इथेच टाका, मी बघते.