प्रति: अनोळखी गायकासाठी एवढ्या लांब?
नवख्या गायकासाठी नरिमन पॉइंटपर्यंत कशाला जायचं, असं इथे एकाने विचारलंय. जरूर जा! तिथल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या लिटल थिएटरमध्ये जेमतेम ११४ खुर्च्या आहेत. ‘उमंग’ या शास्त्रीय संगीताच्या मालिकेत तिथे तरुण कलाकार गातात-वाजवतात. प्रवेश विनामूल्य, आधी येईल त्याला जागा. म्हणून अर्धा तास आधीच पोहोचा आणि दुसरी-तिसरी रांग धरा. विलंबित ख्यालात, म्हणजे संथ लयीतल्या गायनात, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना गायक तबलजीकडे बघतो ना, ती नजर तिथून स्पष्ट दिसते. तानपुऱ्यांचा झंकारही नीट कानावर येतो, मोठ्या सभागृहात तो स्पीकरमध्ये पार हरवतो. (पावसाळ्यात मियां मल्हार हा पावसाचा राग ऐकायला मिळाला तर सोन्याहून पिवळं!) पुढच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. चर्चगेटहून शेअर टॅक्सी मिळते. मी तर येणारच आहे.