प्रति: सॅकचं खापर एकट्या शेडूरवर?
‘चेंडू हातात धरून बसतो म्हणून सॅक होतो’ असं अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) शेडूर सँडर्सबद्दल म्हटलं गेलंय, ते अर्धंच खरं. (सॅक म्हणजे पास फेकण्याआधीच प्रतिस्पर्ध्यांनी त्याला मागेच पाडणं.) कधीकधी तो खरंच नको तितका मागे पळतो. पण २०२३मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाकडून खेळलेल्या ११ सामन्यांत तो ५२ वेळा सॅक झाला. एवढं सगळं एकट्याच्या माथी कसं मारणार? आणि तरी २७ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे), इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) फक्त ३!

कोलोरॅडोचे रनिंगचे (चेंडू घेऊन धावण्याचे) आकडे दाखवताना एक मात्र लक्षात धरा: कॉलेजात सॅकमध्ये गेलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या रनिंगमधून वजा होतात, एनएफएलमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) संघाच्या पासिंगमधून. म्हणजे कोलोरॅडोचे रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे खेळाडू) संघाच्या एकूण रनिंग आकड्यांवरून दिसतात त्याहून थोडे बरे होते. थोडेच. त्यामुळे पास येणार हे समोरच्या बचावफळीला आधीच ठाऊक असायचं.