घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

"दोन पेगवर गोळी घेतली तर काय, फार तर सकाळी उशिरा जाग येईल," असं दारूवर गोळ्या घेण्याच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, म्हणून हा प्रतिसाद. झोपेच्या गोळ्यांवर बोलून झालंय. कंबरदुखीच्या गोळीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

आमच्या मामांना मणक्याच्या दुखण्यावर प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी) चालू होतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचतो कोण! शनिवारी दारूची बैठक झाली, वर गोळी. मामी म्हणाली, "आज कसे मस्त घोरताहेत." जाऊन बघतो तर घोरणं मध्येच थांबायचं, मी मनात दहापर्यंत मोजायचो, मग एक मोठा आचका. ओठ काळपट. हलवलं तरी डोळे उघडेनात. कुशीवर वळवलं आणि १०८ ला फोन लावला. वाचले.

रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू श्वास घ्यायला लावतो. दारू नेमकी ती जाणीव बोथट करते. जोडीला अल्प्राझोलाम (चिंता कमी करणारी गोळी), ट्रॅमाडॉल (जोरदार वेदनाशामक) किंवा कोडीनवालं खोकल्याचं औषध आलं की सगळ्यांचा परिणाम एकाच ठिकाणी, म्हणजे श्वासावर, साचतो. प्रीगाबालिन आणि त्याच जातीचं गॅबापेंटिन यांच्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०१९ मध्ये श्वास मंदावण्याचा इशारा दिलाय. म्हातारी माणसं आणि फुप्फुसाचा जुना आजार असणारे यांना धोका जास्त.

आणि दारू उतरवायला लिंबूपाणी, काळी कॉफी पाजायचं ते प्रकरण! शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, ते थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं. मामीने ग्लास भरून आणला होता, मीच तो मोरीत ओतला.