शिक्षा की सुधारणा: तुरुंग नेमका कशासाठी?

मंजिरी: हाल्डेन हा नॉर्वेतला कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग, २०१० साली सुरू झालेला. खिडक्यांना गज नाहीत, प्रत्येकाला स्वतंत्र खोली, सुतारकाम शिकायची सोय, आणि पहारेकरी कैद्यांबरोबर बसून जेवतात. 'हा कसला तुरुंग!' असं अनेकजण म्हणतात. मला मात्र हे मनापासून पटतं. स्वातंत्र्य काढून घेतलं, हीच शिक्षा. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या 'मंडेला नियमां'तही तेच आहे: कैद मुळातच क्लेशदायक असते, तुरुंगाने त्यात भर घालू नये. आणि बहुतेक कैदी कधी ना कधी सुटणारच. सुटून शेजारी राहायला येणारा माणूस कसा असावा, हे आपण आजच ठरवत असतो.

रघुवीर: आणि ज्यांचा जीव गेला त्यांचं काय? ब्राइविकने त्याच नॉर्वेत २०११ साली ७७ माणसं मारली. शिक्षा २१ वर्षं! (धोका असेपर्यंत ती वाढवता येते, हे मान्य.) वर त्यानेच तुरुंगातल्या वागणुकीबद्दल सरकारवर खटला भरला. मेलेल्यांच्या आईबापांनी कुणाकडे दाद मागायची? केल्या कर्माचं फळ भोगावं लागतं, हे दिसलं नाही तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडतो.

मंजिरी: वरच्या कोर्टाने २०१७ साली त्याच्या विरोधातच निकाल दिला. अशा एका नराधमाकडे बघून सगळ्या तुरुंगांचे नियम ठरवायचे का? अमेरिकेत शिक्षा कडक असतात. तिथल्या ३० राज्यांतून २००५ साली सुटलेल्यांपैकी ६८ टक्के लोक तीन वर्षांत पुन्हा पकडले गेले, नऊ वर्षांत ८३ टक्के. मग कडकपणाने कोण सुरक्षित झालं?

आकडेवाला: मंजिरी, हा आकडा पुन्हा अटक झालेल्यांचा आहे. नॉर्वेचे आकडे सहसा पुन्हा शिक्षा झालेल्यांचे असतात. दोन्हींची थेट तुलना चुकीची ठरेल. बाजू तुमचीच घेतो, पण पुरावा चोख हवा. मार्टिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली सुधारणेचे कार्यक्रम फारसे उपयोगी नाहीत असं लिहिलं, आणि राज्यकर्त्यांनी ते उचलून धरलं. १९७९ साली त्याने स्वतःच ते मत बरंचसं मागे घेतलं, तेव्हा मात्र कुणी फारसं ऐकलं नाही.

उमा: माझ्या भावाचा खून झाला. कोर्टात मला फक्त साक्षीदार म्हणून बोलावलं, प्रश्न विचारले आणि घरी पाठवलं. सुरुवातीला वाटायचं, त्या माणसाला तिळतिळ यातना व्हाव्यात. आता तसं वाटत नाही. क्षमा केली असंही नाही. तो सुतारकाम शिको, पुस्तकं वाचो. पण एकदा माझ्यासमोर बसून त्याने सांगावं, का मारलंस. न्यूझीलंडमध्ये अल्पवयीन गुन्हेगारांसाठी १९८९पासून कायद्यानेच अशा बैठका होतात. इथे तुम्ही सगळे कैद्याबद्दलच बोलताय.

रघुवीर: उमाताई, हा विचार माझ्या मनातच आला नव्हता. पण तो बोलायला तयारच झाला नाही तर?

उमा: तर त्याने पूर्ण मुदत आत काढावी. एका दिवसाचीही सूट नको.