बोलताना अडखळतो, चर्चमध्ये वाचू कसं?

रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचायला पाळकसाहेबांनी माझं नाव टाकलंय, मी लहानपणापासून अडखळतो, 'प' आला की गाडी अडकलीच आणि उतारा नेमका पौलाचा 😅 प्रार्थना करतोय पण भीती जात नाहीये

> बायबलमधला निर्गम ४ वाच भाऊ. मोशे पण हेच म्हणाला, मी जड जिभेचा. देवाने जीभ नाही बदलली, सोबतीला बोलायला त्याचा भाऊ अहरोन दिला. तूही कुणाला तरी सोबत घे, एकत्र वाचलं की अडखळणं बरंच कमी होतं

> पंडिता रमाबाईंना नीट ऐकू यायचं नाही, त्यामुळे इंग्लंडमध्ये डॉक्टरकी राहिली. पुढे केडगावला मुक्ती मिशन काढलं, हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं

> सगळं ठीक, पण स्पीच थेरपिस्टकडे पण जा रे. प्रार्थना करतोस म्हणून उपचार सोडायचे असं थोडीच आहे

बायको म्हणतेय मी उभी राहते सोबत. बघू