टायफॉइडच्या लसीला धर्माच्या नावावर सूट द्यावी का?

सातपूरकर
नाशिकला दिंडोरी रस्त्यावरच्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यात माझा मित्र सुपरवायझर आहे. पॅकिंगच्या सगळ्या कामगारांना टायफॉइडची लस घ्यायला सांगितली, तेव्हा दोघांनी ‘आमच्या धर्मात बसत नाही’ असं लिहून दिलं. एचआरने सही केली, विषय संपला.

माझ्या मते ही सूट चुकीची आहे. अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांवरची लस ही अट 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांतच आहे, मालकाच्या मनातून आलेली नाही. घटनेचं 25 वं कलम धर्मस्वातंत्र्य देतं, पण ते सुरूच होतं सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. 2027 च्या सिंहस्थात याच जिल्ह्यातून लाखो लोकांच्या ताटात अन्न जाणार आहे. ज्याच्या ताटात ते पडतं त्याला कोण विचारतं, की तुझा धर्म कोणता?

गोदाकाठची
दादा, सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 ला सांगितलंय की कोणावर लसीची जबरदस्ती करता येणार नाही, शरीरावरचा हक्क 21 व्या कलमात येतो. ‘लस घे नाहीतर उद्यापासून येऊ नको’ ही जबरदस्तीच. आणि ती होते कोणावर? कायम कामगाराला निदान नोटीस तरी मिळते. ठेकेदाराच्या माणसाला गेटवरच सांगतात, ‘तुझं कार्ड बंद’. धर्माचं कारण लिहून देणाऱ्यांपैकी किती जणांना खरं तर सुईनंतर ताप येऊन दोन दिवसांची हजेरी बुडण्याची भीती असते, हे तुमच्या मित्राला विचारा.

सातपूरकर
ताई, त्याच निकालात पुढे असंही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणात बसणारी बंधनं घालू शकतं. कोविडच्या वेळी लस न घेतलेल्यांपासून संसर्गाचा धोका जास्त आहे हे आकडेवारीने दाखवलं गेलं नाही, म्हणून तेव्हाची बंधनं प्रमाणाबाहेर ठरली. हजेरीचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. लसीनंतर ताप आला तर भरपगारी सुट्टी मिळालीच पाहिजे. पण तो पैशांचा प्रश्न आहे, त्याला देवाधर्माचं लेबल कशाला?

वॉर्ड नंबर तीन
मी नर्स आहे. आमच्याकडे हेपाटायटिस बी चे डोस झाल्याशिवाय कोणाला ऑपरेशन थिएटरमध्ये उभं करत नाहीत. माझी एक सहकारी हजला गेली, तर मेंदूज्वराच्या लसीचा दाखला असल्याशिवाय व्हिसा नाही. सौदी अरेबियाचाच नियम आहे तो. धर्माच्या सर्वांत मोठ्या यात्रेला लस चालते आणि पॅकिंग लाइनला चालत नाही?

पंचवटीचा श्रावक
सगळ्यांना एका मापाने मोजू नका. मी जैन आहे. पर्युषणात माझे उपवास असतात, त्या दिवसांत टोचून घ्या म्हटलं तर मी नाहीच म्हणणार. लसीत प्राणिजन्य काय आहे हे विचारणं म्हणजेही बहाणा नव्हे. 2021 मध्ये कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रक्तद्रव असल्याची चर्चा झाली, तेव्हा आमच्या घरात सगळे अडले होते. मग केंद्राचा खुलासा आला: ते पेशी वाढवताना वापरतात, नंतर धुतलं जातं, तयार लसीत नसतं. तो वाचून माझ्या आईने दंड पुढे केला. कारखान्यातल्या त्या दोघांशी असं कोणी बोललं का? की नुसता फॉर्म समोर ठेवला?

सातपूरकर
तारीख पुढे-मागे करा, घटक मराठीत छापून द्या, त्यांच्या महाराजांना किंवा मौलवींना बोलवायचं तर बोलवा. या सगळ्याला माझा पाठिंबा. कायमची सूट मात्र नको.

सिडको नाइट शिफ्ट
भो, एक अडचण सांगतो. लस घेतली तरी टायफॉइडचा जुना वाहक तसाच राहतो, जंतू पित्ताशयात बसलेला असतो. गिऱ्हाइकाला वाचवतो तो साबण, हातमोजे आणि शौचाची तपासणी. आमच्या जुन्या कंपनीत लसीचे फोटो काढले आणि बाथरूमला पाणी नव्हतं. मग श्रद्धेवाल्यावरच एवढा जोर का?

अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्याने मालकाला कामगाराची श्रद्धा सांभाळावी लागते. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं ओझं आणखी वाढवलं: धंद्याच्या मानाने खर्च बराच वाढतो हे दाखवल्याशिवाय नकार देता येत नाही. आपल्याकडे खासगी मालकाला असं विचारणारं कोण आहे?

गोदाकाठची
हेच म्हणते मी. लस नको म्हणणाऱ्याला पॅकिंगवरून गोडाऊनला पाठवा, पण हजेरी तीच, ओव्हरटाइम तोच, आणि ठेकेदाराच्या लेटरहेडवर लेखी. धर्म कोणता, खरा की खोटा, हे एचआरने विचारायचंच नाही.

सातपूरकर
बदलीला माझी हरकत नाही. पण मग ती धर्म सांगणाऱ्यालाच का? त्याच लाइनवर एखादी बाई असेल जिला आधीच्या डोसची ॲलर्जी झाली होती, एखादा असेल जो देवच मानत नाही आणि तरी घाबरतो. गोडाऊनला जागा असतात मोजक्या. त्यात पहिला नंबर ॲलर्जीवालीचा लागला पाहिजे, आणि सध्या तिच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी मागतात, धर्माचं लिहून देणाऱ्या त्या दोघांकडे काहीच मागत नाहीत.