अक्षतंतूतील पाण्याचे विसरण: आडव्या दिशेचा गुणांक इतका कमी का येतो?

प्रश्न: अवनी_प

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी मेंदूच्या श्वेत द्रव्यातील (चेतातंतूंच्या गठ्ठ्यांच्या भागातील) पाण्याच्या विसरणाचे, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याचे, संगणकीय प्रतिरूप करत आहे. अक्षतंतू (चेतापेशीचा लांब धागा) म्हणजे 1 मायक्रोमीटर व्यासाची, पाणी अजिबात न झिरपणारी सरळ नळी, असे मी धरले आहे. आत रेणूंची यादृच्छिक चाल चालवली असून मूळ विसरण गुणांक (पसरण्याच्या वेगाचे माप) 2000 चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद घेतला आहे. 50 मिलिसेकंदांनंतर नळीच्या लांबीच्या दिशेने गुणांक 2000 च येतो, आडव्या दिशेने मात्र केवळ 1.25 येतो. प्रत्यक्ष एमआरआय मोजणीत आडवा गुणांक 400 च्या आसपास असतो, म्हणजे माझे उत्तर तीनशेपटींहून कमी आहे. कोड तीनदा तपासला. भिंतीवरून रेणू परत फिरवण्यात माझी चूक होत असावी का?

उत्तर: सूक्ष्मदर्शी

आपल्या कोडमध्ये चूक नाही, कारण 1.25 हा आकडा हातानेही काढता येतो. त्रिज्येचा वर्ग भागिले मूळ गुणांक केला की 0.125 मिलिसेकंद येतात. साधारण एवढ्या वेळात रेणू नळीची रुंदी पालथी घालतो. 50 मिलिसेकंदांनंतर तो कुठून निघाला होता याची खूणही उरत नाही, त्यामुळे आरंभीचे आणि शेवटचे अशी दोन्ही स्थाने वर्तुळात कुठेही असू शकतात. अशा वेळी एका आडव्या दिशेतील विस्थापनाच्या वर्गाची सरासरी त्रिज्येच्या वर्गाच्या निम्मी, म्हणजे 0.125 चौरस मायक्रोमीटर भरते, आणि तिला दुप्पट वेळेने, म्हणजे 0.1 सेकंदाने, भागले की 1.25 मिळतात. 100 मिलिसेकंद चालवून पाहा, 0.625 येईल. पाणी मंदावलेले नाही. विस्थापन वाढायचे थांबले आहे आणि आपण त्याला वाढत्या वेळेने भागत आहोत.

तफावत आहे ती प्रतिरूप आणि ऊती यांच्यात. एमआरआयच्या एका ठोकळ्यात (चित्राच्या एका घन घटकात) नळ्यांबाहेरचे पाणीही मोजले जाते. ते कोंडलेले नसते, पण अडथळ्यांना वळसे घालत जाते. मेंदूतील पेशींबाहेरची जागा सुमारे 20 टक्के असते आणि तेथील गुणांक वळशांमुळे मुक्त द्रवातल्यापेक्षा साधारण अडीचपटीने कमी होतो, हे 1981 मध्ये निकल्सन आणि फिलिप्स यांनी उंदराच्या अनुमस्तिष्कात आयन सोडून मोजले होते. मात्र दीर्घ काळात हा गुणांक शून्याकडे न जाता स्थिर राहतो. ‘कोंडलेले’ आणि ‘अडखळत जाणारे’ विसरण हा फरक माझ्या मते या विषयाचा गाभा आहे, आणि अनेक टिपणांत दोन्हींना एकच शब्द वापरलेला पाहून मला खरोखर वाईट वाटते.

शिवाय आपल्या साऱ्या नळ्या काटेकोर समांतर आहेत. खऱ्या तंतूंमध्ये थोडा तिरकेपणा असतोच. नळी 20 अंशांनी कलवून पाहा.

उत्तर: वखारवाला

मी भौतिकशास्त्राचा नाही, पण आमची लाकडाची वखार आहे. ओली फळी सुकायला लावताना आम्ही तिच्या दोन्ही तोंडांना रंग किंवा मेण लावतो, कारण ओलावा लाकडाच्या रेषांच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा दहा ते पंधरापट वेगाने निघतो आणि तोंडे आधी आकसून तडकतात. तडा तोंडाच्या मध्यापासून किरणासारखा बाहेर जातो. तो एकदा पडला की फळीचा तेवढा तुकडा कापून टाकावाच लागतो. आमच्याकडे कोंडलेपणा नाही, कारण पाणी पेशींच्या भिंतींतून उशिरा का होईना, पलीकडे जाते. म्हणून दिशेनुसार फरक असला तरी वेळ वाढवल्याने आडवा गुणांक शून्याकडे जाणार नाही, असे वरील उत्तर वाचून मला वाटते.

उत्तर: सूक्ष्मदर्शी

अगदी बरोबर. विषमदिक् (दिशेनुसार वेगळे) असणे आणि कोंडलेले असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लाकडासाठी सममित टेन्सर (प्रत्येक दिशेचा गुणांक सांगणारा आकड्यांचा तक्ता) पुरतो. त्याचे सहा स्वतंत्र घटक असतात, म्हणूनच 1994 पासून रूढ झालेल्या टेन्सर-एमआरआयमध्येही किमान सहा दिशा मोजाव्या लागतात. तंतूंचे दोन गठ्ठे एकमेकांना छेदत असतील तेथे मात्र तो टेन्सर दोहोंची सरमिसळ दाखवतो. आणखी एक: हा दिशाभेद केवळ मायेलिनमुळे (अक्षतंतूंभोवतीच्या मेदयुक्त आवरणामुळे) येतो असे समजू नये. गार नावाच्या माशाच्या गंधचेतेत मायेलिन नसते, तरी 1994 मध्ये तेथेही तो मोजला गेला. पेशीपटलेच त्याला पुरेशी आहेत.

अवनी_प

दोघांचेही मनापासून आभार. समांतर नळीत 100 मिलिसेकंदांना 0.625 च आले. नळी 20 अंशांनी कलवल्यावर 50 मिलिसेकंदांना 235 आले, आणि वेळ दुप्पट केल्यावरही जेमतेम 0.5 ने घटून 234.5. लांबीच्या मुक्त चालीचा एक अंश आडव्या दिशेत उतरल्यामुळे कोंडलेपणाची वेळेवरची खूण जवळजवळ पुसली गेली आहे. नळ्यांबाहेरचे पाणी आता जोडत आहे.